बाईसाहेबांची वाटी

आमच्या रस्त्याच्या वळणावर, औषधांच्या दुकानाला खेटून चष्मेवाल्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काचेचं कपाट, मागे पडदा आणि पडद्याआड एक उंच खुर्ची. गल्लीतलं बहुतेक प्रत्येक नाक त्या खुर्चीत कधी ना कधी बसून आलेलं आहे. नाकावर ते एक जड गोल फ्रेम चढवतात, तिच्यात एक काच घालतात, काढतात, दुसरी घालतात आणि मऊ आवाजात विचारतात, "हे बरं, की हे?"

लोकांना हा प्रश्न विचारण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना स्वतःला मात्र कुणी तोच प्रश्न विचारला, की ते गडबडतात. "दोन शर्ट पुढे ठेवले तर हा माणूस संध्याकाळपर्यंत बनियनवर बसेल," असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची, आणि तेही मान डोलवून दुजोरा द्यायचे. त्यामुळे शर्ट एकच निघायचा. भाजी, पडदे, दुकानाच्या भिंतीचा रंग, मुलीचं कॉलेज, सगळं तिनंच ठरवलं. ती गेली तेव्हा त्यांच्या घरातलं 'ठरवणं'च गेलं. मागे राहिले चष्मेवाले आणि बाईसाहेब.

बाईसाहेब म्हणजे बायकोची लाडकी कुत्री. तपकिरी, मध्यम उंचीची, एक कान उभा आणि एक पडलेला. गिऱ्हाइकांच्या बाकावर ती अशी पसरायची, की उठवायची कुणाची हिंमत होत नसे. नाव त्यावरूनच पडलं. चष्मेवाले तिच्याशी 'अहो-जाहो'नेच बोलतात.

बायको गेल्यावर बाईसाहेबांनी जेवण सोडलं. अगदी सोडलं असंही नाही. वाटीजवळ यायच्या, वास घ्यायच्या, चष्मेवाल्यांकडे बघायच्या आणि निघून जायच्या.

"ती हिच्यासाठी छोट्या पातेल्यात काहीतरी करायची," ते मला म्हणाले. "रोज माझ्या डोळ्यांदेखत करायची. पण त्यात काय असायचं, ते मी कधी झाकण उचलून पाहिलंच नाही हो."

त्यांनी आठवणाऱ्या वासावरून एक-दोनदा काहीबाही शिजवून पाहिलं. तेही वाटीत राहिलं. हळूहळू बाईसाहेबांच्या फासळ्या दिसायला लागल्या.

मुलगी दुसऱ्या गावात नोकरीला. तिनं फोनवरच डॉगफूडची मोठी पिशवी मागवून दिली. "बाबा, फक्त हे दाणे द्यायचे. सगळं मोजून-मापून घातलेलं असतं त्यात. दुसरं काही तोंडात जाता कामा नये."

त्याच संध्याकाळी मेहुणा आला. तो बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं मटणाचं दुकान आहे आणि आवाज त्या दुकानाला शोभेलसा. त्यानं पिशवीत हात घालून मूठभर दाणे काढले, नाकाशी नेले.

"भावोजी, ही काय वाळू चारताय तिला? देवानं दात कशाला दिलेत? कच्चं मटण द्या. महिन्यात घोड्यासारखी पळेल."

"पण मुलगी म्हणते..."

"मुलगी काय म्हणते! मटण मी विकतो की ती?"

चष्मेवाल्यांना दोघांचंही पटलं. हीच तर त्यांची अडचण. समोर जो बोलत असेल त्याचं त्यांना पटतं.

मग त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. एक दिवस दाणे, एक दिवस कच्चं मटण. दुकानात माणसाला काच लावतात तसंच. एक घालायची, काढायची, दुसरी घालायची, आणि चेहरा बघायचा. वाटी ठेवून ते समोर उकिडवे बसत आणि विचारत, "बाईसाहेब, हे बरं, की कालचं?"

बाईसाहेब उत्तर पोटानं द्यायला लागल्या. गालिचा धुवावा लागला. मग पायपुसणं. मग पुन्हा गालिचा. मटणाच्या दिवशी बिघडलं म्हणून दुसऱ्या दिवशी घाईनं दाणे, दाण्यांवर बिघडलं म्हणून घाईनं मटण. कशानं काय होतंय ते कळेनासं झालं. मुलीला फोनवर सांगताना ते अडखळले. पोरगी बापाला ओळखून होती.

"बाबा, तुम्ही तिला रोज वेगवेगळं देताय ना?"

"रोज नाही. एक दिवसाआड."

मग ती हळूच म्हणाली, "मी महिनाअखेरीला येते. तोवर तिच्या अंगावर मांस दिसलं नाही, तर मी तिला माझ्याकडे घेऊन जाईन. रागावू नका. आईची आहे ती."

"नाही, नाही, बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. फोन ठेवला आणि बाईसाहेबांच्या शेजारी जमिनीवर बसले. बाईसाहेब गेल्या तर त्या घरात बोलायला कुणी उरणार नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की त्या आठवड्यात त्यांनी दोन गिऱ्हाइकांच्या फ्रेमी उलटसुलट बांधून दिल्या.

ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, मलाही सोबत नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी बाईसाहेबांचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, रक्त काढलं. आजार काही नव्हता.

"दाणे चालतील का?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"चालतील."

"आणि कच्चं मटण?"

"जपून. ताजं हवं, भांडी गरम पाण्यानं धुवायची, हात साबणानं. नाहीतर जंतू तुम्हालाही सोडणार नाहीत. पण चालेल."

"आणि शिजवलेलं?"

"तेही चालेल. काका, तुम्ही काहीतरी एक ठरवा हो!"

परतताना ते कोपऱ्यावर थांबून मला म्हणाले, "तिन्ही चालतील म्हणाल्या. मग माझं काय चालत नाहीये?"

गोष्ट फिरली ती दुकानात. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या आणि नवा चष्मा काऊंटरवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला. बायफोकल होता, वरच्या काचेतून लांबचं आणि खालच्या काचेतून जवळचं दाखवणारा.

"काय करून दिलंय हे? जिना तरंगतो माझा! सुईत दोरा जाईना. परवा एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली."

"दिवसभर घालता का?"

"छे! सकाळी हा घालते. चक्कर आली की दुपारी जुना. संध्याकाळी पुन्हा हा घालून बघते, सुधारलाय का ते."

चष्मेवाले हसले. या कामात मात्र ते कधी गोंधळत नाहीत. "अहो ताई, चष्मा कसा सुधारेल? सुधारायचंय डोळ्यांना. तुम्ही सारखी अदलाबदल केलीत तर त्यांनी सवय कुणाची करायची? जुना कपाटात टाका. हा एकच नाकावर ठेवा. वरचं-खालचं दोन्ही यातच आहे. आठ-दहा दिवस धीर धरा आणि रोज तपासू नका."

बोलता बोलता ते थांबले. हातातलं फडकं तसंच हातात राहिलं. बाकावर बाईसाहेब हाडं मोजता येतील अशा पसरल्या होत्या. चष्मेवाल्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या चष्म्याकडे.

"अहो, माझ्या चष्म्याचं बोलताय ना?" बाई म्हणाल्या.

"हो, हो. तुमच्याच," ते म्हणाले, पण चेहरा दुसरीकडेच होता.

संध्याकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. दोन्ही एकाच वाटीत दिलं तर? चालेल, त्या म्हणाल्या, पण दोन्हींची पूर्ण जेवणं एकत्र घालू नका. मटण वाढवाल तेवढे दाणे कमी करा. आधी दाणेच द्या, पोट ठीक झालं की मटण चमचाभर, मग हळूहळू वाढवा. आणि मग रोज तेच.

"रोज तेच," चष्मेवाले स्वतःशी म्हणाले. असं काही घरात ठरून किती दिवस झाले होते!

लगेच सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. वाटीत मटण आल्यावर बाईसाहेबांनी तेवढंच खाल्लं आणि दाणे चाटूनपुसून, एकेक करून फरशीवर काढून ठेवले. चष्मेवाले पुन्हा गोंधळले. म्हणजे मटणच बरं? की दाणे ओले झाले म्हणून नकोत? मेहुण्याला फोन लावायला हात गेला. पण त्यांना शिवणकामवाल्या बाई आठवल्या असाव्यात, हात मागे आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाणे कोमट पाण्यात भिजवले आणि खिमा त्यात इतका कालवला, की वेगळं काही काढता येऊ नये. बाईसाहेब वाटीभोवती एक चक्कर मारून आल्या. मग खाल्लं. थोडं उरलं. पुढच्या दिवशी उरलं नाही.

वाटी रोज गरम पाण्यानं धुवायची, ओटा पुसायचा, हात घासायचे. बायकोच्या ओट्यावर ते असा वेळ घालवायला लागले होते. मधे एकदा बाईसाहेबांचं पोट पुन्हा बिघडलं तेव्हा ते दिवसभर दुकानात येरझाऱ्या घालत होते, पण वाटी बदलली नाही. फक्त थोडी कमी भरली.

महिनाअखेरीला मुलगी घरी आली. मीही तिथेच होतो, मेहुणाही होता. तिनं आल्या आल्या बाईसाहेबांच्या बरगड्यांवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग त्यांना उचलून वजनकाट्यावर उभी राहिली, खाली ठेवून एकटी उभी राहिली. चष्मेवाले भिंतीला टेकून उभे होते. काट्याकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "हिला न्यायचं तर मला आता हमाल लागेल."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत राहिले.

"बघ मामा, दाणेच कामी आले ना!" मुलगी.

"दाणे?" मेहुणा उसळला. "मटण माझ्या दुकानातलं आहे. शिवाय फिरायला निघाली की माझ्या दुकानाच्या दारात थांबते, एक तुकडा मी रोज टाकतोच. भावोजींना सांगितलं नाही, उगीच विचार करत बसतील."

"रोज?" चष्मेवाले म्हणाले.

"रोज. माझ्या बायकोची आण."

चष्मेवाले खुर्चीत बसले. चेहऱ्यावर तोच जुना गोंधळ दाटून आला. दाण्यांनी झालं? मटणानं? की वाटीत रोज तेच मिळाल्यानं? की वाटीबाहेरच्या त्या तुकड्यानं? मेहुण्यानं टाकलेला तुकडा धरला, तर माप किती चुकलं होतं? बाईसाहेब त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपल्या होत्या. एक कान उभा, एक पडलेला.

"मला वाटतं," ते हळूच म्हणाले, "आठवडाभर मटण बंद करून बघूया. म्हणजे नेमकं कळेल, कशामुळे..."

"बाबा!" मुलगी आणि "भावोजी!" मेहुणा एकदमच ओरडले. बाईसाहेबांनी एक डोळा उघडला.

"बरं, बरं," चष्मेवाले म्हणाले. उठून ओट्याशी गेले, वाटी गरम पाण्याखाली धरली, आणि संध्याकाळचे दाणे भिजत घातले. मुलगी दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली.