कोंबडीच्या वासाचा केक

त्या घरात केक थोरलीचा, असं ठरून गेलं होतं. खिडकीजवळची खुर्ची सासऱ्यांची, सकाळचं पहिलं वर्तमानपत्र मोठ्या मुलाचं, तसा केक थोरल्या सुनेचा. सकाळभर ती पाळणाघरात दुसऱ्यांची पोरं सांभाळायची, दुपारी येऊन घर लख्ख करायची, आणि कोणाचा वाढदिवस आला की तिचं जाड बुडाचं पातेलं माळ्यावरून खाली यायचं. तळाला मीठ, मिठावर उपडी वाटी, वाटीवर ॲल्युमिनियमचा जुना डबा, झाकणावर ओझं म्हणून खलबत्ता. गॅस बारीक करून ती स्टूल टाकून बसे. घड्याळाकडे बघायची नाही, वासावरूनच तिला कळे. नाक असं तिखट, की दूध करपायच्या आत ती पलीकडच्या खोलीतून उठून यायची.

पहिला तुकडा सासऱ्यांचा. जन्मभर शाळेत वह्यांवर शेरे मारून थकलेला माणूस, आता शब्द तोलूनमापून वापरायचा. तुकडा खायचा, बोटं पुसायची, आणि म्हणायचं, "जमलं." बस्स. नवरा भला होता, पण समोर ठेवलेलं मुकाट गिळणारा. त्याच्यापुढे केक ठेवा नाहीतर पुठ्ठा ठेवा. त्यामुळे थोरलीच्या वाट्याला कौतुक म्हणून जे काय यायचं, ते या एका शब्दातच. त्यावर ती पुढचा वाढदिवस येईपर्यंत काढायची.

मग धाकटी सून आली. कचेरीत नोकरी, अंगाने चटपटीत, जिभेवर साखर. तिचं उशिरा उठणं थोरलीने पोटात घातलं, ओला टॉवेल पलंगावर टाकणंही घातलं. पण वर्ष पुरं व्हायच्या आत धाकटीने ओव्हन आणला. मायक्रोवेव्ह, ग्रिल, कन्व्हेक्शन, सगळं एकाच पेटीत. गरम करा, भाजा, केक करा. ओट्यावर जिथे थोरलीची बरण्यांची रांग होती, नेमका तिथेच तो बसला.

"ताई, आता तुम्हाला पातेल्यापाशी ताटकळायला नको," धाकटी म्हणाली. मनापासून म्हणाली, म्हणून तर जास्त झोंबलं. ताटकळत होतं कोण? तो स्टूलवरचा वेळ हाच तर थोरलीचा मान होता. पण बोलायची सोय नव्हती. ती हसली, बरण्या उचलल्या आणि खालच्या फळीवर कोंबल्या.

त्या दिवसापासून ओव्हन तिच्या डोळ्यांत खुपायला लागला. दाराशी आलेल्याला धाकटी तो उघडून दाखवायची, आतली काचेची थाळी फिरवून दाखवायची, आणि थोरली पाठमोरी होऊन आधीच स्वच्छ असलेला नळ घासायची. त्यातला पहिला केक झाला तेव्हा तर तिला जेवण गेलं नाही. उंच, मऊ, वरून एकसारखा तांबूस. आता संपलं, असं तिच्या मनाने घेतलं. सासऱ्यांनी तुकडा तोंडात घातला, थोडं थांबले आणि म्हणाले, "हं."

"हं" म्हणजे "जमलं" नव्हे. थोरलीने आपला तुकडा नाकाशी नेला आणि तिला सगळं उमगलं. केकला कोंबडीचा वास होता.

धाकटी त्याच ओव्हनमध्ये ग्रिलवर कोंबडी भाजायची. मग काचेची थाळी धुवायची, दार बाहेरून चकाचक करायची, की झालं. वरून रंग नि आतून गंज म्हणतात तसलं काम. कोंबडीची चरबी उडून छताला बसते, केकसाठी कन्व्हेक्शनची गरम हवा लावली की तापते, आणि आतला पंखा तिचा वास केकभर फिरवतो. ओव्हनच्या छताकडे वाकून बघायला हवं, हे धाकटीच्या गावीही नव्हतं.

तिने व्हॅनिला बदललं, अंड्यांचं दुकान बदललं. शेवटी रडवेली होऊन तिने थोरलीलाच विचारलं, "ताई, वास कशाचा येतो हो?"

"अंड्यांचा असेल," थोरली म्हणाली, आणि तिला आतून गार वाटलं.

दर केकला धाकटीला "हं" मिळत राहिला. माळ्यावरचं पातेलं पुन्हा उतरलं, "जमलं" पुन्हा कानी आलं. इथे थांबायचं की नाही? पण हेव्याला पोट असतं, तळ नसतो. सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा आला, आणि धाकटीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या वेळी केक तीच करणार. सासरे "कर की" म्हणाले. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने मनाशी ठरवलं, त्याच पेटीत आपण हिच्यापेक्षा सरस केक करून आधी टेबलावर ठेवायचा. बटणं काय, कोणालाही दाबता येतात.

आदल्या दुपारी घरात कोणी नव्हतं. तिने ओव्हन उघडला, मान वाकवून छत पाहिलं आणि तिला शिसारी आली. असल्या घाणीत आपलं पीठ घालायला तिचा हात धजेना. तिने वाडग्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून ते आत उकळवलं, दार न उघडता वाफ मुरू दिली. मग थाळी काढली, थाळीखालचं चाकांचं कडं काढलं, आणि मऊ फडक्याने छत, कोपरे, दाराची रबरी कड, सगळं पुसलं. जिथे चिकट सुटेना तिथे सोड्याचा लेप दिला. तारेची घासणी लावली नाही, पंख्याच्या भोकांत पाणी जाऊ दिलं नाही. मग थाळी परत बसवली, दार उघडं ठेवून ओव्हन सुकू दिला आणि नाक आत घातलं. कसलाही वास नव्हता.

मग तिने आपल्या जुन्या डब्यात पीठ ओतलं, आत ठेवलं आणि बटण दाबलं. धाकटी पत्र्याच्या डब्यात केक करते, हे तिने पाहिलं होतं. पण ती कन्व्हेक्शनवर करते, आणि आपण मघाशी पाण्याला वापरलं तेच मायक्रोवेव्हचं बटण दाबलंय, ज्यात धातूचं भांडं चालत नाही, हे तिला कोण सांगणार? आत चट्‌चट् निळ्या ठिणग्या उडाल्या. ती ओरडून मागे सरली आणि तिने भिंतीतला प्लग उपटला.

तिने घाईघाईने पीठ फेकलं, डबा घासून माळ्यावर टाकला, थाळी पुसून जागेवर ठेवली. सगळं होतं तसं झालं, एक सोडून. पुसलेला ओव्हन पुन्हा मळवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यात धाकटीने केक केला. सासऱ्यांनी तुकडा खाल्ला, बोटं पुसली. थोरली दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"जमलं," ते म्हणाले.

धाकटी लहान पोरीसारखी हसली. मग म्हणाली, "बाबा, ओव्हन आतून अगदी छतापर्यंत कोणीतरी पुसलाय. उघडल्याबरोबर कळलं मला. ताई, तुम्हीच ना? असा कोपरान्‌कोपरा दुसरं कोण पुसणार?"

थोरलीच्या नवऱ्याने मान वर केली, पुन्हा खाली घातली. सासरे मात्र थोरलीकडे बघत राहिले. म्हातारं नाकही काही कमी नव्हतं.

"वास छताचा होता तर," ते हळूच म्हणाले. "तुझं नाक माझ्याहून तिखट. तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार."

अंड्यांवर ढकलायची वेळ निघून गेली होती. "कळलं होतं," थोरली म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही 'जमलं' कोणाला म्हणाला असतात?"

 धाकटीच्या हातातली सुरी केकवर तशीच राहिली. तिचा चेहरा पडला, डोळे भरून आले, आणि थोरलीला वाटलं, आता ही बोलणार, बोलायलाच हवं. पण तिने मोठासा तुकडा कापला, बशीत घातला आणि थोरलीच्या हातात दिला.

थोरलीने तो उभ्या उभ्याच तोंडाशी नेला. सवयीने आधी हुंगला. कोंबडीचा मागमूस नव्हता. मग तिने घास घेतला. केक खरंच चांगला झाला होता, तिच्या पातेल्यातल्या केकपेक्षाही चांगला, आणि तोच घास तिला गिळवेना.