जेवले का?

"जेवले का?" असं आमच्या मॅडमनी विचारलं की आपण उत्तर द्यायचं नसे. प्रश्न झऱ्याला असायचा. गुडघे टेकून, कान पाण्याशी नेऊन त्या बुडबुडे ऐकत. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता.

देवळीच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. झरा त्यांच्या गावचा, केळझरच्या बाजूला. पाणी इतकं क्षारी की बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत होत. गावातल्या बायांनी एकदा पापडखार वाचवायला त्याच पाण्यात उडदाचं पीठ भिजवलं. तांबडेलाल पापड कोणी तोंडात धरेना. मॅडमनी मात्र हट्टाने दोन खाल्ले आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या.

"सर, खडक आन् पाणी भेटले का हायड्रोजन निघते," त्या सांगत. "आपली चूल कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, या जंतूंची त्याच्यावर. असल्या पाण्यात कमाई लय कठीण. म्हणून एक घास वाया जाऊ देत नाईत. बुडबुडे होऊन वर येते ते उरलंसुरलं."

मला ते ऐकायला गोड वाटे. त्यात भिण्यासारखंही काही आहे, हे उशिरा कळलं.

गावाने झऱ्यावर पंपाची खोली बांधायला घेतली. विहिरीत टाकतात तशी ब्लीचिंग पावडर आधी पोतंभर ओतली. मॅडम धावत गेल्या.

"काऊन मारता त्याइले? खाणारेच मेले तं हायड्रोजन छताखाली जमा होईन! एका ठिणगीनं खोली उडन!"

"मॅडम, जंतू मरावं म्हणूनच तं टाकली," सरपंचबाई मायेने म्हणाल्या.

मॅडम दारात खुर्ची टाकून बसल्या. कॉलेज सुटलं की रोज तिथेच. त्या होत्या तोवर स्लॅब पडला नाही.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. फार एकटं वाटलं मला. महिन्याभरात निरोप आला, "सर, पंपाच्या मोटारची पूजा हाय, येजा."

खोलीला खिडकी नव्हती. मॅडमची खुर्ची कोपऱ्यात होती, तिच्यावर नारळ ठेवले होते. मी वाकून कान लावला. भाताचं आधण यावं तसं पाणी बुडबुड्यांनी खदखदत होतं.

"दिवा बाहेर लावा," मी म्हणालो.

"सर बी मॅडमसारखे बोलून राह्यले!" सगळे हसले. "काडेपेटी कोणापाशी हाय?"

माझ्या खिशात होती. मी ती मुठीत घट्ट धरली.

मागून कोणीतरी म्हणालं, "ही घ्या."