जरीब कुणी आणली

गोदावरीनं गोष्ट लिहायला घेतली, हे नांदेडात चार घरांत कळलं आणि चारही घरांत तिची थट्टा झाली. चौतिशीची बाई, पदरात तीन लेकरं, नवरा वकिलाकडं मुन्शी. हिला काय डोंबल गोष्टी सुचणार? पण बाई हट्टाची. एकदा मनावर घेतलं की मग ब्रह्मदेव आडवा आला तरी हटायची नाही. दुपारची झाकपाक झाली की स्वयंपाकघराचं दार लोटायची आणि कचेरीतल्या रद्दी कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत बसायची. एका अंगाला उर्दू, दुसऱ्या अंगाला हिची मराठी.

गोष्ट द्यायची होती वाचनालयाच्या हस्तलिखितात. निजामाच्या राज्यात मराठी मासिक छापायचं म्हणजे आधी इजाजत, मग चौकशी, मग आणखी चौकशी. एवढं झेंगट नको म्हणून वाचनालयाचे मार्तंडराव वर्षाला एक अंक हातानंच लिहून काढत. प्रत एकच. ती घरोघर फिरायची, एका घरी चार दिवस. मार्तंडरावांचं अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षराची मिजास तर विचारूच नका. लोकांच्या गोष्टी ते स्वतः उतरवून घेत, आणि खाडाखोड त्यांना खपत नसे.

गोष्ट तिच्याच लहानपणातली होती. वडील बापूसाहेब महसुलात गिरदावर, म्हणजे तलाठ्यांवरचे तपासनीस, होते. दर दोन वर्षांनी तबादल्याचा हुकूम यायचा. कधी भोकर, कधी चाकूर, कधी शिरूर अनंतपाळ. दोन गाड्यांत संसार भरायचा आणि निघायचं. आई लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसायची, ती थेट नव्या घरातच खाली ठेवायची. गोदूनं शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं बापूसाहेबांनी गिरवून घेतली, बाकी सगळं रानानं शिकवलं. सोबतीला शहजादी. चपराशी चांदपाशाची ही आईविना पोर गोदूच्याच वयाची होती आणि चपराशाबरोबर तीही गावोगाव फिरायची. झाडावर आधी शहजादी चढायची, मागून गोदू. विहिरीत आधी शहजादी, मग काठावर घुटमळत गोदू.

गोदावरीनं लिहिला तो प्रसंग घरात सगळ्यांना पाठ होता, कारण बापूसाहेब येईल त्याला तो सांगत. चाकूरहून शिरूरला जाताना जरीब, म्हणजे शेतं मोजायची सरकारी लोखंडी साखळी, वाटेत राहून गेली. आणि दहा वर्षांच्या गोदूनं घरणी नदीतून एकटीनं जाऊन ती परत आणली. बापूसाहेब आता पेन्शनीत होते, लेकीच्या शेजारीच बिऱ्हाड करून राहत. डोळे अधू झाले होते, पण ही गोष्ट सांगताना म्हातारा ताठ बसायचा. "मुलगा नाही म्हणून मी कधी रडलो नाही," असं शेवटी म्हणायचा. गोदावरीनं गोष्टीतल्या पोरीचं नाव चंद्रा ठेवलं. मार्तंडराव खूश झाले आणि त्यांनी ती शाईत उतरवायला घेतली.

संक्रांत चार दिवसांवर आली तेव्हा शहजादी बांगड्यांची टोपली घेऊन आली. तिला करीम मनियाराच्या घरी दिलेली होती, नांदेडातच. गोदावरीचे हात तिच्या हातात होते. एकेक बांगडी चढत होती आणि गोदावरी उत्साहानं गोष्ट सांगत होती. सांगून झाली तशी शहजादी थांबली.

"लई ब्येस हाय. पर ही चंद्रा कोन गं?"

"आपणच की. दोघींची मिळून एक केली. गोष्टीत असं करावं लागतं."

"हाव," शहजादी म्हणाली. "अन् नदी कोन उतरली?"

"चंद्रा."

"म्हंजे तू."

शहजादीनं उरलेली बांगडी चढवली, पदरानं हात पुसले. "तवा आब्बाची नोकरी हुती म्हनून मीच तुझ्या हाती जरीब दिली. आता आब्बा न्हाई, नोकरी न्हाई. आता कुनाला भ्यून राहिली तू?" एवढं बोलून ती टोपली उचलून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं गोदावरीला वाटलं.

कारण खरं होतं ते असं. वाटेत नदीच्या अलीकडं, काठावरच्या चिंचेखाली गाड्या थांबल्या, तेव्हा दोघींनी गाडीतली जरीब काढून फांदीला बांधली आणि झोके घेतले. निघताना ती तिथंच राहिली. आईची गाडी पुढं गेली, बापूसाहेब घोड्यावर त्याच्याही पुढं. नदी ओलांडल्यावर दोघी बसल्या होत्या त्या मागच्या गाडीचा आख मोडला. गाडीवान सटवाजी सुतार आणायला गेला. चांदपाशा तापानं फणफणून गाडीतच पडलेला. आणि तेव्हा दोघींना आठवलं की जरीब नाही. ती होती चांदपाशाच्या ताब्यात, आणि दुसऱ्या दिवशी शिरूरला कारभार हाती घ्यायचा होता. साखळी हरवली तर चांदपाशाचा पट्टा उतरणार, नोकरी जाणार, हे दहा वर्षांच्या पोरींनाही कळत होतं.

दोघी पाण्यात उतरल्या. पाणी कमरेला, पायाखाली शेवाळ. मध्यावर गोदूचा पाय घसरला, नाकातोंडात पाणी गेलं. ती एका खडकाला धरून वर चढली आणि तिथंच बसून रडायला लागली. पुढं गेली ती शहजादी. ती फांदीवर चढली, गाठ सोडली, ओझ्याची साखळी गळ्यात घातली आणि परत आली. येताना तिनं गोदूला हाताला धरून काठाला आणलं. तेवढ्यात बापूसाहेबांचा घोडा मागं वळताना दिसला. शहजादीनं घाईघाईनं साखळी गोदूच्या हातात कोंबली. चपराशाच्या पोरीनं जरीब आणली म्हणजे चपराशानं ती हरवली होती, हे उघड. साहेबाच्या पोरीनं आणली तर तो पोरखेळ. बापूसाहेबांनी लेकीला उचलून घेतलं. आणि लेक चोवीस वर्षं गप्प राहिली.

आता गोष्ट खरी लिहायची, तर म्हाताऱ्या बापाची सगळ्यात मोठी मिरवायची गोष्ट त्याच्या हातातून काढून घ्यायची. गोदावरी दिवसभर घरात नुसती फिरत राहिली. भाजी करपली. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचला आणि ती वाचनालयात गेली.

"माझी गोष्ट परत द्या. बदलायची आहे."

मार्तंडरावांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. "अहो, दहा पानं शाईत उतरली! चौकटीसुद्धा आखल्या. संक्रांतीला अंक निघायचा आहे."

"ती पानं काढून टाका. परवा सकाळी मी दहा पानं आणून देते."

"कुणाच्या अक्षरात?"

"माझ्या."

मार्तंडरावांचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा झाला. काय बदलायचं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, खरं असेल. पण नायिका खडकावर बसून रडते, हे वाचकाला रुचत नाही."

"ती नायिका नाहीच मुळी," गोदावरी म्हणाली. "नायिका दुसरी आहे."

तिनं दोन दिवस ना धड स्वयंपाक केला, ना लेकरांच्या वेण्या घातल्या. नवरा पहिल्यांदा कुरकुरला, मग मुकाट्यानं पिठलं करू लागला. रडणाऱ्या पोरीचं नाव तिनं चंद्राच ठेवलं. नदी ओलांडणारीचं नाव शहजादी. ओळी तिरक्या गेल्या, एका पानावर शाई सांडली. मार्तंडरावांनी ती पानं चिमटीत धरून अंकात बांधली, पण बांधली.

अंक तिसऱ्या घरी बापूसाहेबांकडं गेला. चष्मा लावून, पान डोळ्याला चिकटवून ते दोन दिवस वाचत होते. गोदावरी चहा घेऊन गेली तर कप ठेवून घेतला, वर पाहिलं नाही. केलं ते बरोबर केलं, हे तिला ठाऊक होतं. पण बाप कायमचा दुरावला तर?

चौथ्या दिवशी बापूसाहेबांनी ठेवणीतली शेरवानी चढवली, काठी घेतली आणि लेकीच्या दारात येऊन एवढंच म्हणाले, "चल."

ते मनियार गल्लीत गेले. करीमच्या दुकानाच्या फळीवर साहेब येऊन बसले म्हटल्यावर शहजादीची तारांबळ उडाली. ती डोक्यावर पदर ओढून आतच उभी राहिली.

"पोरी," बापूसाहेब म्हणाले, "मी इतकी वर्षं ही गोष्ट चुकीची सांगत राहिलो. हिनं लिहिली ती वाचली. आता तू सांग. पहिल्यापासून."

शहजादीनं गोदावरीकडं पाहिलं. मग दारात टेकली आणि सांगू लागली. चिंच, झोका, आब्बाचा ताप, शेवाळ. सांगता सांगता फांदीपाशी आली आणि अडखळली.

"खरं सांगू का साहेब? जरीब गळ्यात घातली अन् मला लई भ्या वाटलं. नदी दुप्पट दिसाया लागली. म्हटलं, न्हाई जायचं परत. हितंच बसावं, येतील कुनी शोधत. पर गोदू त्या खडकावर एकली रडून राहिली हुती. तिला कोन आननार? म्हनून उतरले. ती काठाला सुखरूप असती ना, तर मी पान्यात पाय टाकला नसता."

हे गोदावरीच्या दहा पानांत कुठंच नव्हतं. तिला हुंदका आला आणि तिनं तो लपवला नाही. बापूसाहेबांनी काठी बाजूला ठेवली आणि थोडं सरकून फळीवर दोघींना बसायला जागा केली.