हेलिकॉप्टरला चाक नव्हतं

माझ्या लग्नात हेलिकॉप्टर होतं हे सासरचे अजून कौतुकाने सांगतात आणि मला अजून शिसारी येते. बदलापूरहून अंबरनाथला जायला हेलिकॉप्टर! एवढ्याशा भाड्याला रिक्षावालाही नाक मुरडतो. पण ओळखीतल्या कुणाची तरी सून हेलिकॉप्टरमधून उतरली होती, मग आमचे सासरे मागे कसे राहणार?

बदलापुरातच, कुळगावच्या मैदानात चुन्याने गोल आखून दोरी बांधली. ते धूड उतरलं तेव्हा मांडवाची झालर फाटली आणि वाढलेल्या पानांत धूळ गेली. एरवी आमच्या गल्लीतल्या आजाऱ्याला ॲम्ब्युलन्स मिळत नाही, त्या दिवशी मात्र नियम म्हणून एक रिकामी उभी होती. हेलिकॉप्टरच्या आतली सीट फाटलेली, वर चिकटपट्टी, पायाशी आदल्या कुठल्या नवरीचा सुकलेला गजरा. वैमानिक सारखा घड्याळ बघत होता, त्याला पुढचं लग्न गाठायचं होतं.

आमच्याकडे मुलगी गाडीत बसताना आई तिची ओटी भरते. तांदूळ, खण, नारळ घेऊन आई तयारच होती. तेवढ्यात काकांना आठवलं, चाकाखाली नारळ ठेवायचा राहिला. त्यांनी आईच्या ताटातलाच नारळ उचलला आणि वाकून चाक शोधायला लागले. चाक नव्हतंच, खाली नुसत्या दोन दांड्या.

"मग दांडीखाली ठेवू," काका म्हणाले.

"अरे, क्या कर रहे हो? हटाओ इसको!" वैमानिक खेकसला.

काकांनी गडबडून नारळ तिथेच आपटून फोडला. झालं! ओटीचा नारळ गेला.

"थांब हां, दुसरा आणते," म्हणत आई मांडवाकडे धावली.

"चला, बसा बसा, टाइम झाला," सासरे म्हणाले.

"आई येतेय."

"अगं, ओटी काय, नंतर पण भरता येते."

नवरा मोबाइलमध्ये बघून केस नीट करत होता. त्याचा मला त्या क्षणी जितका राग आला तितका पुढे कधी आला नाही. मला चढवलं, दार लावलं, पंखा फिरायला लागला.

आई दोरीपाशी पोहोचली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात ताट, त्यातले तांदूळ वाऱ्याने केव्हाच उडालेले. ती काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, निरोप देतेय. मी काचेतून हात हलवला.

पहिल्या माहेरपणाला विचारलं, "तेव्हा काय ओरडत होतीस गं?"

"पदर पसर म्हणत होते," आई म्हणाली. "तू आतून नुसता पसरला असतास ना, तरी मी भरली म्हटलं असतं."