खांदे सरळ, हात रिकामे

मी तळ्यात पावाचा तुकडा भिरकावला आणि पुढच्याच क्षणी काठावरची वीसेक रानबदकं एका माणसाच्या पाठीवरून धावत गेली. तो गवतात पालथा पडून फोटो काढत होता, हे मला दिसलंच नव्हतं. कॅमेरा स्टँडसकट पाण्यात.

"चुकलंच माझं," मी ओरडलो.

"आज कुठे? रोजच चुकतं. आज फक्त मी मध्ये आलो," तो माणूस कॉलरमधून पीस काढत म्हणाला.

हे आमचे किंचितकाका. खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवर होतं, ते उन्हाने गेलं. चाळीस वर्षं "मान किंचित डावीकडे, हनुवटी किंचित वर" म्हणत त्यांनी गावातल्या प्रत्येकाचे पासपोर्ट फोटो काढले. दुकानात खिळ्याला एकच काळा कोट. तो हेडमास्तरांनाही होतो आणि नोकरी शोधणाऱ्या काटकुळ्या पोरालाही. मागून कपड्यांचे चिमटे लावले की झालं. मोबाइल आले, गिऱ्हाइकं आटली आणि काका सकाळी तळ्यावर जाऊ लागले. पण सवय कुठली जायला! लोक उडत्या पक्ष्याचा फोटो काढतात; यांना बदक समोर बघणारं हवं, दोन्ही डोळे दिसणारं.

"काका, बदकाचे डोळे दोन बाजूंना असतात हो!"

"म्हणून तर वेळ लागतो."

कॅमेरा जुना आणि हट्टी. दोन दिवस पंख्याखाली राहून सुरू झाला. तिसऱ्या दिवशी काकांनी मला दुकानात बोलावलं आणि फोटोंचा एक कागद समोर सरकवला. एकाच पिल्लाचे आठ फोटो, आठ वेगवेगळ्या सकाळींचे.

"काय दिसतं?"

"बदक."

"खांदे बघा हो!"

पहिल्या फोटोत खांदे सरळ होते. आठव्यात डावा पंख मोडक्या छत्रीच्या काडीसारखा बाहेर वळलेला.

"पोझ घेतली असेल," मी म्हणालो.

"पोझ नाही, तुमचा पाव आहे तो."

मग त्यांनी मला शाळेतल्यासारखं समजावलं. पावाने पोट भरतं, मग पिल्लू शेवाळं, गवत, किडे शोधत नाही. अंग भराभर वाढतं, हाडांना हवं ते मिळत नाही, आणि पंख सांध्यात वळतो. तसाच पक्का झाला की पाखरू जन्मात उडत नाही. थवा दीड महिन्यात निघणार होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पिल्लू लहान आहे, पंख चार-पाच दिवस अंगाशी बांधून ठेवू. पण पुन्हा पाव मिळाला तर सगळं फुकट.

आणि तळ्यावर पाव घालणारा मी एकटाच. माझ्या डॉक्टरांनी मला पाव बंद केला, बायकोने तो घरात आणायचाही बंद केला, तेव्हापासून मी तो बाहेर घेऊन बदकांना खाताना बघायचो. तेवढंच समाधान!

"मग मी काय आणू? भिजवलेले दाणे? पालक?"

"काही आणू नका."

पिल्लू पंख बांधून पाच दिवस काकांच्या बंद पडलेल्या डार्करूममध्ये, फोटो धुवायच्या ट्रेमध्ये राहिलं. बाहेर गिऱ्हाईक गंभीर चेहरा करून बसलं की आतून "क्वॅक!" गावातले निम्मे पासपोर्ट त्या आठवड्यात हसरे निघाले.

सहाव्या दिवशी ते तळ्यात परतलं. मी रोज जायचो, हात मागे बांधून. मामा रिकाम्या हाताने आला की भाचरं बघतात ना, तशी बदकं माझ्याकडे बघायची. एकाने तर बुटाची लेस ओढली. बेकरीवाला रस्त्यात अडवून म्हणाला, "आमचा पाव शिळा लागला का हो?"

थवा निघाला ती सकाळ. सगळी उठली. आमचं पिल्लू पाण्यावर धावलं, फडफडलं आणि धप्पकन पडलं. काकांनी माझा दंड असा धरला की वळ उठले. पिल्लू पुन्हा धावलं. या खेपेला पाय पाण्यातून सुटले, पोट उचललं गेलं, आणि ते झाडांच्या वर गेलं!

"सरळ! खांदे सरळ!" काका आभाळाकडे बघत ओरडत होते आणि गळ्यातला कॅमेरा नुसता लोंबत होता. आम्ही दोघं पाऊणशे वर्षांच्या आसपासचे इसम चिखलात नाचलो.

दम खाल्ल्यावर मी छाती फुगवून म्हणालो, "काका, या यशात थोडा वाटा आमचाही आहे, काय?"

"आहे ना. तुम्ही काही केलं नाहीत."