जियारतीचा चष्मा

अकोल्याहून दर्यापूरला जाणाऱ्या जीपमध्ये शेजारी एक चाचा होते. त्यांचा चष्मा धुळीनं माखला होता. मी रुमाल पुढे केला, तर ते दचकून मागे सरले.

"पुसू नका भाऊ! याच काचेतून आज हुजूर पैगंबरांच्या पवित्र केसाची जियारत केली मी, दर्शन घेतलं. पुसलं तं जाईन ना सारं!"

मग त्यांनाच माझी दया आली. "घ्या, तुमी बी लावा."

मी लावला. जाड नंबरानं डोळ्यांत पाणी आलं.

"पाह्यलं? आलं ना भरून!" चाचा खूश झाले.

चष्मा जीपभर फिरला. एका आजीनं तो कपाळाला टेकवला. शेवटी ड्रायव्हरनं मागे हात केला, "चाचा, मले बी!"

चाचांनी चष्मा झटकन खिशात घातला.

"तुले दर्यापुरात. आता देल्ला तं सगळ्यायलेच थेट वर जा लागन!"