काकूंचा डावा हात

खर्जकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कॉलेज रोडवरच्या एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात चार पायांवर होते. पन्नाशी उलटलेला, इन केलेल्या शर्टातला गृहस्थ भिंतीच्या कडेकडेने रांगत होता. दर दोन हातांवर तो थांबे, मान तिरकी करून ऐके आणि पुढे सरके. सोफ्याच्या मधोमध, जिथे एरवी डॉक्टर बसत, तिथे एक काळं चौकोनी खोकं पाहुण्यासारखं बसवलं होतं आणि त्यातून घुमारा येत होता. डॉक्टरीणबाई सरबताचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. तो कोणत्या उंचीवर पुढे करायचा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"जिथे माणूस बसणार तिथे सब ठेवायचा आणि जिथे सब ठेवायचा तिथे माणूस फिरवायचा," काकांनी खालूनच सोफ्यावरच्या खोक्याकडे मान करून मला समजावलं. "ज्या जागी खर्ज सरळ लागेल ती सबची जागा."

"पण मग उभ्याने फिरा की."

"सब उभा राहतो का?"

खर्ज सरळ लागला तो नेमका डॉक्टरांच्या काचेच्या कपाटापाशी, ज्यात त्यांची स्मृतिचिन्हं आणि एका मंत्र्याबरोबरचा फोटो होता. कपाट हलवावं लागलं. डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ते नव्वदीचं दशक होतं. नाशकात नवा पैसा आला होता आणि त्याला बसायला जागा हवी होती. काहींनी तो संगमरवरात बसवला, काहींनी छातीएवढ्या उंच स्पीकरांत. एवढे धिप्पाड स्पीकर घरी आणल्यावर कोणीतरी शहाणा सांगायचा की यांच्यात तळाचा आवाज नाही. मग सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर काढणारं वेगळं खोकं, घ्यायचं ठरे. कोणता घ्यावा, यावर दुकानदाराचं उत्तर 'सगळ्यात मोठा' हे असे आणि ते लगेच मिळे. काकांचं उत्तर यायला तीन आठवडे लागत.

त्यांचं खरं आडनाव साबळे. सगळे 'बेस' म्हणत तिथे ते 'खर्ज' म्हणत, म्हणून खर्जकाका. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं थरथर मोजली. पत्र्यावर तळहात ठेवून ते सांगत की आत कुठला बोल्ट ढिला आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर तळहात रिकामे राहिले, म्हणून ते लोकांच्या भिंतींवर ठेवू लागले. या कामाचे ते काही घेत नसत. त्यामुळे सुरुवातीला लोकांना त्यांचा भरवसा वाटत नसे.

स्पीकर आणि सब यांची ते पत्रिका जुळवत. आलेखाच्या कागदावर दोघांच्या रेघा काढत आणि टोकाला टोक लावून बघत. "मोठ्याचा हात जिथे संपतो तिथे धाकट्याने धरायचं. आधी धरलं तर भांडण, उशिरा धरलं तर खड्डा." एका वकिलांच्या स्पीकरला त्यांनी चक्क मंगळ आहे असं सांगितलं होतं आणि वकिलांनी घाबरून सब घेतलाच नाही. सबचा आवाज कोणत्या कोपऱ्यातून येतो हे बोट करून दाखवता आलं तर जोडी चुकली, हा त्यांचा दुसरा नियम. भपक्याच्या माणसाला तो पटणं अवघड होतं. इतके पैसे घालून घेतलेली वस्तू आहे हे कळूच नये, ही कल्पना त्या काळच्या नाशकाला नवीन होती.

गंगापूर रोडच्या एका बिल्डरना, ज्यांना सगळे शेठ म्हणत, त्यांनाच काकांनी रांगायला लावलं. शेठ कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत होते. "घर तुमचं, कान तुमचे, मी का रांगू?" काका म्हणाले. शेठ एकदा महापालिकेची निवडणूक लढून हरले होते, त्यामुळे गुडघे टेकण्याचा त्यांना सराव होता. अर्ध्या तासाने ते हॉलच्या पलीकडच्या कोपऱ्यातून ओरडले, "साबळेसाहेब, इथे बघा, इथे पोटात लागतंय." त्या दिवसापासून हा माणूस काकांचा झाला. त्याला आयुष्यात प्रथमच कोणीतरी काही विकलं नव्हतं.

आणि ज्याच्याकडे मुळातच काही नव्हतं त्याला ते तसं सांगत. कोणी वडिलांच्या जुन्या कॅसेटी घेऊन येई, सबवर त्या दणदणीत वाजतील या आशेने. काका एक मिनिट ऐकत आणि कॅसेट परत करत. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या डबड्यावर हे भरलं त्याने खर्ज ऐकलाच नव्हता. कितीही मोठा सब लावा, जे भरलंच नाही ते निघणार नाही." माणसं हिरमुसून जात. मला तेव्हा वाटे, हे वाक्य थोडं मऊ करून सांगता येईल. ते मऊ करणं त्यांना जमत नसे.

काका माझ्याच गल्लीत, दत्तमंदिरासमोर राहतात हे मला नंतर कळलं. मी शिक्षक, म्हणून गल्लीला 'सर'. त्यांच्या हॉलमध्ये स्वतः बांधलेले दोन उंच स्पीकर होते आणि सब एकही नव्हता. हे मला बरेच दिवस कोडं वाटे. ते काकूंनी सोडवलं.

काकू देवळ्याकडच्या. वडील गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. पाच भावंडांत वडिलांचा हात फक्त काकूंना आला, म्हणून लग्नात पखवाज त्यांच्याबरोबर नाशकात आला. दर गुरुवारी दत्तमंदिरात महिला मंडळाचं भजन असे आणि त्यात पखवाज काकूंचा. संध्याकाळी पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा त्या बाजूला काढत, पाणी लावून मळत आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापत. त्या कणकेनेच डाव्या बाजूला तो खोल, जमिनीतून आल्यासारखा आवाज येतो.

"गुरुवारी मला दोन पोळ्या कमी मिळतात," काका तक्रार करत.

"मग? यांच्या खोक्यांना लय हजार लागतात सर, आमच्या पखवाजाला मूठभर कणीक. आणि आवाज कोणाचा खाली जातो, ते विचारा यांना."

काका खाली बघत. त्यांनी खरंच मोजलं होतं. काकूंचा डावा हात त्यांच्या हातून गेलेल्या बहुतेक सबांपेक्षा खाली जात होता.

म्हणूनच कोणासाठीही सब निवडायचा झाला की तो आधी त्यांच्या हॉलमध्ये येई. काका त्यावर एखादं पखवाजाचं ध्वनिमुद्रण लावत आणि हाक मारत, "अगं, बघ बरं." काकू स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या राहत, चार आवर्तनं ऐकत आणि निकाल देत. "कणीक पातळ झालीये." "कणीक सुकलीये, उलतेय." किंवा क्वचित, "हं, हा बसला." काका वहीत तेवढंच लिहीत. नाशकातल्या अर्ध्या श्रीमंत दिवाणखान्यांचा खर्ज भाजी फोडणीला टाकता टाकता एका बाईने पास केलेला होता, आणि त्या दिवाणखान्यांना याचा पत्ता नव्हता.

मी एकदा विचारलं, "काका, काकूंचं रेकॉर्डिंग कुठंय?"

"करायचंय. पण नीट करायचंय."

मंडळातल्या शैलाताईंकडे एक छोटा टेपरेकॉर्डर होता. त्या तो मंदिरात आणू म्हणाल्या तेव्हा काका कधी नव्हे ते चिडले. "त्या डबड्यात हिचा डावा हात मावायचा नाही. नासकं भरून ठेवण्यापेक्षा नको."

"अहो, मला काय तुमच्या कारखान्यातलं इमान उडवायचं हाय का?" काकू म्हणाल्या. "येईल तसं येऊ द्या की."

पण तसं येऊ देणं काकांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मुंबईहून मायक्रोफोन मागवला. तो यायला आठ महिने लागले. मग हॉलमध्ये आवाज घुमतो असं त्यांच्या लक्षात आलं, म्हणून भिंतींना गाद्या लावून पाहिल्या. मग पंख्याचा आवाज. पंखा बंद केला तर उन्हाळा. हिवाळ्यात समोर इमारतीचं काम निघालं. एका वर्षी काकूंचं मनगट दुखत होतं आणि काका म्हणाले, बरं झाल्यावर, पूर्ण ताकदीने. अशी पाच वर्षं गेली. त्या काळात मला त्यात काही वावगं दिसलं नाही, उलट एवढं नेमकं वागणाऱ्या माणसाचं कौतुकच वाटे.

दोन हजार सालानंतरच्या एका मार्गशीर्षात काकू सकाळी मेथी निवडत बसल्या होत्या. तिथेच कलंडल्या. तीन दिवस दवाखान्यात होत्या. चौथ्या दिवशी आम्ही त्यांना अमरधामला नेलं. मायक्रोफोन थर्माकोलमध्येच होता.

तेराव्यानंतर शैलाताई आल्या. पिशवीतून त्यांनी एक कॅसेट काढली आणि हातातच धरून ठेवली. मंडळ एकदा त्र्यंबकेश्वरला गेलं होतं, तिथल्या धर्मशाळेत भजन झालं, तेव्हा त्यांनी पिशवीत टेप चालू ठेवला होता.

"चोरून केलं, काका. म्हणजे काकूंना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्याच म्हणाल्या, 'त्यांचं व्हायचं तेव्हा होईल, तू आपलं कर. पण त्यांना सांगू नको, चिडतील.'"

काकांनी कॅसेट घेतली. तेव्हाच लावली, आमच्यासमोर. पेटी, टाळ, कोणाचं तरी खोकणं. दोन अभंगांच्या मधे काकूंचा आवाज अगदी स्वच्छ आला: "शैले, टाळ हळू गं. डोक्यात घालशील एखादीच्या." शैलाताई रडत रडत हसल्या. मग पखवाज सुरू झाला. उजव्या हाताची बोटं काचेवर नखं वाजावीत तशी ऐकू येत होती. डावा हात नव्हता. जिथे थाप पडायला हवी तिथे नुसती जागा होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हॉलमध्ये एक सब आला.

आठवड्यात तीन झाले. ज्यांच्या ज्यांच्या घरी ते रांगले होते त्यांच्याकडे त्यांनी फोन केले आणि कोणीही नाही म्हणालं नाही. डॉक्टरांनी आपला पाठवला. शेठनी दोन पाठवले, टेम्पोतून, सोबत चिठ्ठी की आणखी लागला तर मुंबईहून आणवतो. काका पुन्हा आलेखाचे कागद काढून बसले. आपल्या स्पीकरांची रेघ, सबची रेघ, मोठ्याचा हात कुठे संपतो. सब सोफ्यावर ठेवून रांगायला लागले. मी सकाळी जाताना दिसत, संध्याकाळी येताना दिसत. साठी ओलांडलेली, गुडघ्यांना जुन्या उशा बांधलेल्या. टेपमध्ये त्र्यंबकेश्वरची धर्मशाळा, आणि काका भिंतीला कान लावून एका थापेची वाट बघत.

मला ठाऊक होतं. त्यांना तर माझ्या आधीपासून ठाऊक होतं. जे आडा-पोहऱ्याचं वाक्य त्यांनी नाशकातल्या कितीतरी माणसांना न कचरता सांगितलं, ते त्यांना सांगायला गल्लीत कोणी नव्हतं. शेठ एकदा भेटायला आले, दारातून बघितलं आणि बूट न काढताच परत फिरले. बाहेर येऊन मला म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले आहात. सांगा ना काहीतरी." मी म्हटलं, बघतो. दोन महिने बघत राहिलो.

काका पुढे मुलीकडे बडोद्याला गेले आणि तिथेच वारले. पत्र आलं, मी उत्तर पाठवलं. त्यांच्या तिकडच्या दिवसांबद्दल मला फारसं माहीत नाही. माझ्या आठवणीतले काका नाशिक सोडण्याच्या थोडं आधीच्या एका दुपारचे आहेत.

त्या दुपारी त्यांनी मला बोलावलं. हॉलमध्ये शेठचा एकच सब उरला होता, बाकीचे परत गेले होते. सोफा मोकळा होता. त्यांनी मला त्यावर बसवलं, मधोमध.

"कालपासून वाटतंय, लागलाय," ते म्हणाले. "माझ्या कानांचा आता भरवसा नाही. तुम्ही ऐका."

कॅसेट सुरू झाली. पेटी, टाळ, खोकला. "शैले, टाळ हळू गं." मी डोळे मिटले. कोणाच्याही डामडौलाला मी आयुष्यात खोटी दाद दिलेली नाही, या एका गोष्टीचा मला थोडा गर्व होता. पखवाज सुरू झाला आणि उजव्या हाताच्या बोटांखाली, समेच्या जरा आधी, मला काहीतरी वाटलं. पोटात.

"आला?"

"आला," मी म्हटलं. "बारीक आहे. पण आला."

काका उठून सबपाशी गेले आणि त्याची वायर उचलून दाखवली. तिचं दुसरं टोक कशातच नव्हतं. "सकाळीच काढलीये. चार वाजता शेठचा ड्रायव्हर न्यायला येणारे."

मी म्हटलं, "काका, मी..."

"नाही, नाही. खोटं बोललात असं नाही म्हणत मी." ते येऊन माझ्याशेजारी बसले. गुडघे दुखत असावेत, सावकाश टेकले. "मीही बघत होतो. वायर काढून ठेवली, मुद्दाम. आणि लावलं."

"मग?"

"मलाही आला."

कॅसेट पुढे चालू होती. अभंग संपला, बायकांचं काहीतरी बोलणं झालं, हसणं झालं, आणि ती बाजू संपून टेप खट्कन थांबला. बाहेर मंदिराच्या पायरीवर कोणीतरी चपला काढत होतं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. चारला अजून पाऊण तास होता.

"परत लावू?" त्यांनी विचारलं.

"लावा," मी म्हटलं.